बेचाळिसावी बादली

खानापुरात, कौलांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे
माती काढून काढून झालेला खड्डा आहे.
रात्री मी बॅटरी घेऊन त्यात उतरते
तेव्हा काठावरून दाजिबा वॉचमन ओरडतो,
काय शोधालीस गं तिथं? पैसे पडल्यात काय?

बेडूक, म्हणते मी.

बेडूक काय शोधायचं असतंय?
बिडी विझवून तो झोपायला जातो.

गॅबॉनच्या जंगलात हे कुणी विचारलं नाही.
एसोनो पुढं चालायचा, हातात कोयता,
पण वेल तोडण्याआधी तिला दांड्यानं हलकेच शिवायचा.
कधी कधी वेल अंग आकसून घेते, म्हणायचा.
एकदा खरंच घेतलं तिनं.

बेचाळीस बादल्या पुरल्या होत्या आम्ही,
कड जमिनीला समतळ,
दोन बादल्यांमध्ये प्लॅस्टिकची गुडघाभर भिंत.
रात्री जे जे चालतं ते भिंतीला धरून चालत येतं
आणि पडतं.
सकाळी उपसायचं. आधी काठी, मग हात.
हे पुस्तकातही आहे,
पण पुस्तकाला बोटं नसतात,
एसोनोला साडेनऊ होती.

वजन दोन पूर्णांक तीन ग्रॅम, पिशवी वजा करून.
लांबी एकतीस मिलिमीटर.
डोळ्याची बाहुली आडवी.
पानाच्या कोपऱ्यात चिरडलेला डास, त्यातलं रक्त माझंच.

प्रत्येकाचं नाव तो सांगायचा, त्याच्या आजोळच्या बोलीत.
रोमन लिपीत ते बसेना,
नाकातून निघून घशाशी अडून राहणारं नाव.
तेव्हा मला ङ आठवला.

जांबोटीच्या शाळेत घाडी गुरुजी
क ख ग घ झाल्यावर
छडी न टेकवता पुढं सरकायचे.
ह्येचं काय काम नाही पोरांनो,
तक्त्यात आहे म्हणून आहे.
(पलीकडच्या कन्नड शाळेतही तो
असाच भिंतीवर बसून असायचा,
हे पुष्कळ नंतर कळलं.)
अठ्ठावीस वर्षं रिकामा बसलेला तो,
विषुववृत्तापाशी, एका हिरव्या बेडकीच्या नावासाठी
कामाला लागला.
एसोनोनं तो आकार बोटानं गिरवून पाहिला
आणि म्हणाला, हा तर बसलेलाच आहे की,
शेजारी एक थेंबही आहे.

निघायच्या दिवशी बादल्या उपटल्या, खड्डे बुजवले.
ट्रकमध्ये मोजल्या.
एक्केचाळीस.
पुन्हा मोजल्या.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला, रात्रीची आगगाडी गाठायची होती.
मी वहीत लिहिलं, बेचाळीस.
साऱ्या वहीत तेवढी एक नोंद खोटी आहे.

झाकण नसलेली बादली रात्री काय करते
मला माहीत होतं.
काही करत नाही.
उघडी असते.

चौदा महिन्यांनी भाच्याच्या फोनवरून त्याचा फोटो आला.
अंगणात आमची पिवळी बादली, तिच्यात मिरचीचं रोप.
खाली एकच शब्द, काढली.
कधी, ते नव्हतं.
आत काय होतं, ते त्यानं लिहिलं नाही,
मी विचारलं नाही.
रोप मोठं करून पाहिलं, तेवढंच.

या खड्ड्याच्या भिंती फावड्यानं सरळ कापलेल्या.
पडतं ते वर येत नाही.
मी एक फळी तिरकी लावून ठेवली होती,
दाजिबानं ती चुलीत घातली.
दुसरी लावली, तीही गेली.
मग मागच्या ढिगातली फुटकी कौलं आणून
एकावर एक रचली, पायरी पायरीनं.
तीन बेडक्या चढून गेल्या, कौलांवर ओल ठेवून.

तळाशी अजून काहीतरी वळवळतंय.
बॅटरी खाली घेते.
देवगांडूळ.
काळंभोर, ओलं, वीतभर, डोळे असून नसल्यासारखे.
पाय नाहीत त्याला,
पायऱ्यांचं ते काय करणार.

वही वर राहिली.
गुडघे चिखलात टेकते.

आधी काठी,
मग हात.